चुफ्फो, तिरप्या अक्षरांत

"मी मेलो म्हणे!" उल्देरिको तिओत्सो छापखान्याच्या दारातूनच ओरडला. "सकाळपासून बायका येऊन रडतायत. आमची ही त्यांना कॉफी पाजतेय!"

माझे वडीलही उल्देरिको तिओत्सो. गेले ते. किओज्जात निम्मं गाव तिओत्सो, उरलेलं बोस्कोलो. म्हणून भिंतीवर चिकटवायच्या निधनाच्या पत्रकावर घराण्याचं टोपणनाव लागतंच. दारातले काका ग्रांसो, म्हणजे खेकडा. बाबा चुफ्फो, म्हणजे केसांचा झुबका. डोकं मात्र तुळतुळीत.

अंत्यविधीचं बघणाऱ्या दानिलोने पत्रक कॉम्प्युटरवर केलं होतं आणि टोपणनाव गाळून भिंतींवर लावलंही होतं.

"शोभत नाही गं नीवेस, गेलेल्या माणसाला झुबका म्हणायचं," माझ्या टेबलाशी उभा दानिलो म्हणाला.

"आणि उद्या चर्चमध्ये बाबांसाठी कोण येणार?"

"मी येतो की," ग्रांसोकाका म्हणाले. "माझीच तर मयत आहे!"

बाबांनी जन्मभर ही पत्रकं शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, लावून जुळवली. नाव उभ्या खिळ्यांत, टोपणनाव तिरप्या. "नाव पाद्री ठेवतो, ते ताठ राहू दे," ते म्हणत. "टोपणनाव शेजारी ठेवतात. ते कुणाकडे तरी झुकलेलं हवं."

मी तिरप्या अक्षरांचा खण ओढला. तिरप्या एफचं आकड्यासारखं वाकलेलं टोक खिळ्याच्या कडेबाहेर लोंबतं. दाब बसला की मोडतं. चुफ्फोत दोन एफ शेजारी, आणि खणात धड असे दोनच उरलेले. बाबांसारखी मीही मध्ये कागदाची पट्टी सरकवली आणि चौकट आवळली. जरा जास्तच आवळली.

टक्. एका एफचं टोक मोडलं.

"झालं!" दानिलो म्हणाला. "दे इकडे. कॉम्प्युटरवर तिरपं करून देतो, गुळगुळीत."

तो उभं अक्षर ढकलून वाकवणार होता. बाबांच्या खणातलं अक्षर वाकवलेलं नव्हतं. लिहिणाऱ्या हाताच्या वळणावर घडलेलं होतं. मी चौकट त्याच्या हाती दिली नाही.

ग्रांसोकाका चौकटीवर वाकले. "छाप, पोरी. चुफ्फोचा झुबका तसाही कधीच गेला होता."

मी छापलं. पुलाजवळच्या भिंतीवर काकांनी स्वतःच्या हाताने नवं पत्रक जुन्यावर चिकटवलं. टोपलीतले मासे सावरत एक म्हातारी थांबली.

"अगंबाई! आपला छापणारा चुफ्फो?" तिने काकांकडे पाहिलं. "मग तू?"

"मी आहे अजून."

"कळलं रे. बाजूला हो, वाचू दे."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बसायला जागा उरली नाही. दारापाशी उभे असलेले काका ज्याला त्याला सांगत होते, "मी दुसरा."

संध्याकाळी छापखान्यात येऊन मी ओळ सोडवली. खिळे पुसून खणातल्या ज्याच्या त्याच्या घरात टाकले. मोडके खिळे वितळवायच्या डब्यात टाकायचे, हा बाबांचा नियम. मी डब्याचं झाकण उघडलं. पुन्हा लावलं. मोडका एफ धड एफच्या शेजारी ठेवला आणि खण हळूच आत सरकवला.