बाईंनी पेपर तपासला

पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाची स्मरणशक्ती तपासा, असा वरून हुकूम आला. वरच्यांचं काय जातं, उंटावरून शेळ्या हाकायच्या! दवाखान्यात डॉक्टर एक, नर्स एक आणि माणशी आठ मिनिटं. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या पायातला बूट निघत नाही, डोक्यातलं काय निघणार? तरी पाट्या टाकणं नर्सला जमत नसे; हा तिचा जुना दोष.

त्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सोबत मुलगा, फोनला चिकटलेला.

"बाई, आज वार कोणता?" नर्सनं विचारलं.

बाईंनी तिच्या हातातला फॉर्मच ओढून घेतला. "'चाचणी'तला 'णी' ऱ्हस्व? कोणी छापलं हे? उभं करा त्याला बाकावर!" पर्समधून लाल पेन निघालं आणि सपासप गोल पडू लागले.

डॉक्टर खो खो हसले. मुलाची छाती फुगली. "आई आहे माझी! अजून भल्याभल्यांच्या चुका काढते."

"यांना कसली धाड भरलीय? पूर्ण मार्क टाक," म्हणत डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली.

नर्सनं कागद पाहिला. लाल गोल सात. वार नाही, पत्ता नाही, पाच शब्द आठवून लिहायची जागाही कोरी.

"डॉक्टर, बाईंनी पेपर तपासलाय. सोडवलेला नाही."

डॉक्टरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. नर्सनं मुलाला बाहेर बसवलं आणि खुर्ची जवळ ओढली. "नाही आलं तरी चालेल, बाई. इथे छडी नाही."

बाईंनी पेनाला सावकाश टोपण लावलं.

"वार नको विचारूस गं. रोज वर्तमानपत्रात बघून ठेवते, आज ते आलंच नाही. मी काहीतरी भलतं बोलते, मुलाला वाटतं विनोद केला. तो हसतो. मग मीही हसते."

"कधीपासून?"

"ते आठवत असतं तर इथे कशाला आले असते?"

दोघी हसल्या. नर्सनं बाईंचा हात धरला आणि पहिल्यापासून सगळं विचारलं. तीसपैकी चौदा. मग मुलाला आत बोलावून आकडा सांगितला.

"चौदा? माझ्या आईला?" मुलगा उसळला. "तुमचा फॉर्मच चुकीचा आहे!"

"आहेच. सात ठिकाणी," नर्स म्हणाली.

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "नापास मी झालेय, ती नाही. बस खाली."

तो बसला. फोन वाजला, तो त्यानं पहिल्यांदाच कापला. डॉक्टरांनी, खरं सांगायचं तर, स्वतःच आपली सही खोडली. "थायरॉइडमुळे, जीवनसत्त्व कमी पडल्यानंही असं होतं. आधी रक्त तपासू. मग मोठ्या डॉक्टरांकडे." चिठ्ठी लिहिताना त्यांनी मान वर केली नाही.

बाहेर रांगेतून आवाज आला, "सिस्टर, आत झोपलात की काय?"

मुलानं आईची पर्स उचलली. "घरी गॅसबिस राहतो का गं चालू?"

"दोनदा राहिला," बाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोनं बंद केला. तिनं मला सांभाळून घेतलं, कुणाला बोलली नाही. तू आता तिच्यावर डाफरायचं नाहीस."