फक्त दोन दिवसांसाठी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेलो आहे. तेव्हा माझ्याकडून गोड गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी रस्त्यात आडवा उभा करतात तो लोखंडी कठडा. कोणी मला बॅरिकेड म्हणतं, कोणी नुसतंच 'हे मेलं आडवं' म्हणतं. अंगावर पिवळे-काळे पट्टे, खाली चाकं. त्यातलं एक चाक वाकडं आहे, त्यामुळे ढकललं की मी किंचाळतो.

एका वेल्डरने मला आपल्या शेडमध्ये घडवलं. सांधे जोडून झाल्यावर त्याने माझे कोपरे घासून गोल केले. बायको म्हणाली, "पोलिसांचंच काम ना? कशाला एवढं कोरत बसलात?" तो म्हणाला, "कोणाचं पोर येऊन आपटलं तर लागायला नको." मला ते फार आवडलं. मी लोकांच्या भल्यासाठी जन्मलोय, अशी माझी तेव्हाच समजूत झाली.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. शाळा सुटली की मी गाड्या थोपवून धरायचो. एकदा रस्ता खचला, तेव्हा भगदाडाच्या तोंडाशी मला उभं केलं. एक आजोबा येऊन माझ्यावर आदळले, त्यांनी मला शेलक्या शिव्या दिल्या, मग पुढे वाकून पाहिलं आणि गुपचूप माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी दिवस खूश होतो.

मग माझी बदली झाली. मोठ्या सरकारी कार्यालयाच्या शेजारून एक अरुंद गल्ली जाते, तिच्या तोंडाशी. मंत्री येणार होते. पोलिस ठाण्याचे साहेब गल्लीतल्या लोकांना म्हणाले, "फक्त दोन दिवसांचा प्रश्न आहे. जरा सहकार्य करा." मंत्री आले, हात हलवला, गेले. त्यांच्या कमानी उतरल्या, फुलं कचऱ्यात गेली. मी मात्र तिथेच! दोन दिवसांचे महिने झाले. मला हलवायचं कोणाच्या डोक्यातच येईना.

गल्लीत, अगदी माझ्या शेजारी, एका काकूंचं शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं, मला पाहायचं आणि आल्या पावली परत जायचं. वरच्या खोलीत काकूंचे यजमान राहायचे. ते जिन्यात पडले आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्याची गाडी माझ्यापाशी येऊन थांबली. पहाऱ्यावरच्या हवालदाराला सगळे शिट्टी म्हणायचे. तो म्हणाला, "साहेबांना विचारल्याशिवाय हलवता येणार नाही." साहेब जेवायला गेले होते. शेवटी शेजाऱ्यांनी काकांना खुर्चीत बसवून उचललं आणि माझ्या कडेने तिरकं तिरकं बाहेर काढलं. खुर्चीचा पाय माझ्या सळईत अडकला, हिसका बसला. काका असे ओरडले, की मित्रांनो, लोखंड असूनही माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी काकू शिट्टीसमोर उभ्या राहिल्या.

"कोणाच्या हुकमाने हे इथे आहे?"

"वरून आलाय हुकूम."

"वरून म्हणजे कुठून? गच्चीवरून?"

"काकू, मी नोकर माणूस. माझं डोकं नका खाऊ."

काकूंची भाची वकील होती. काकूंनी तिला बोलावून घेतलं. जावई म्हणाला, "सरकारशी भांडून कोणाचं भलं झालंय?" काकूंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

कोर्टात काय झालं ते मी पाहिलं नाही. मला कोण नेणार? पण त्या संध्याकाळी काकू माझ्याच अंगावर कोपर टेकून शेजाऱ्यांना सांगत होत्या. "न्यायाधीश बाईंनी विचारलं, रस्ता का अडवला? सरकारी वकील म्हणाला, सुरक्षा. कोणापासून? तो खोकला. हुकूम कुठाय? तो आणखी खोकला. शेवटी बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला!"

सगळे हसले. भाची मात्र हसली नाही. ती म्हणाली, "राज्यघटना सरकारचे हात बांधून ठेवत नाही. भिंत कोसळायला आली, दंगल पेटली, तर खुशाल अडवा रस्ता. पण कायद्याने अडवा, कारण सांगा, आणि गरज संपली की उचला. नाहीतर ज्याच्या हाती कठडा, त्याच्या बापाचा रस्ता."

मला हलवलं. गल्लीत पेढे नाहीत, पण मिठ्या वाटल्या गेल्या. मी ठाण्याच्या आवारात जाऊन पडलो. वाटलं, सुटलो एकदाचा.

कसला सुटतोय! पुढच्याच वर्षी सरकारी बसच्या कामगारांना एकदम कामावरून काढलं. ते रोज येऊन त्याच गल्लीच्या तोंडाशी बसू लागले, कारण सरकारी कार्यालयातल्या मोठ्या साहेबांच्या खिडक्या तिथूनच दिसतात. घोषणा, थाळ्या बडवणं, भाषणं. गल्लीवाले कावले. काकांना झोप लागेना. गिऱ्हाईक पुन्हा आटलं. आणि एके दिवशी अर्जावर सगळ्यांच्या सह्या घेऊन ठाण्यात कोण आलं असेल? काकू!

"साहेब, तो तुमचा कठडा लावा बाई पुन्हा. त्यांना हटवा."

साहेबांचा चेहरा असा फुलला म्हणता! "आता तुम्हीच मागताय, मग काय! लगेच लावतो."

मी किंचाळत किंचाळत पुन्हा तिथेच गेलो. कामगारांना मागे, एका गोदामाच्या भिंतीआड ढकललं. तिथून ते कोणालाही दिसत नव्हते, मग ऐकू जाणं लांबच.

भाची धावत आली. "मावशी, तू? तू हे केलंस?"

"तुझ्या काकांना झोप नाही गं! आणि मी कोणाचं वाकडं केलं नव्हतं, तरी तेव्हा मला अडवलं होतं. हे तर दिवसभर बोंबलतात."

"आवाज कमी करायला सांग. वेळ ठरवून दे. येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवायला लाव. पण उचलून भिंतीआड टाकायचं?"

काकूंनी शिवायचं कापड पुढे ओढलं. मशीन चालवू लागल्या, पण शिवण वाकडी जात होती. तेवढ्यात माझ्या पलीकडून एका बाईने हाक मारली. ती कामावरून काढलेली कंडक्टर होती. तिने दुरुस्तीला दिलेला कोट परत न्यायचा होता. माझ्यावरून हात लांब करून तिने तो घेतला आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला त्रास झाला, कबूल. पण आम्ही घरात बसून ओरडलो तर ऐकणार कोण? तुम्हीच सांगा, जायचं कुठे?"

काकू तशाच उठल्या आणि ठाण्यात गेल्या; तिथलं बोलणं मला नंतर शिट्टीच्या तोंडून कळलं. "साहेब, चुकलं माझं. काढा तो कठडा."

साहेब म्हणाले, "असं कसं? लावायला तुमचा अर्ज पुरला. काढायला वरून हुकूम लागतो."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. अहो, एवढी हुशार तुम्ही माणसं! सरकारच्या हातात काठी द्यायची, आणि मग ती परत मागायला रांगेत उभं राहायचं!

काकूंना पुन्हा कोर्टात जावं लागलं. यावेळी, काकूंनीच नंतर सांगितलं, सरकारी वकील खोकला नाही. त्याने काकूंचाच अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. काकू मान खाली घालून उभ्या राहिल्या, पण हटल्या नाहीत. "सही माझीच आहे बाईसाहेब," त्या म्हणाल्या, "पण त्यांचा रस्ता माझ्या सहीने बंद होतो, हेच मला पटत नाहीये."

निकाल यायला वेळ लागला. तोवर निम्मे कामगार थकून दुसरीकडे कामाला लागले होते. ती कंडक्टर बाई शेवटपर्यंत होती. मला हटवल्यावर ती पुन्हा तिथे येऊन बसली, सकाळी दोन तास, रस्त्याची एक बाजू मोकळी सोडून. तिची नोकरी अजून परत मिळालेली नाही. काकू तिला पाणी नेऊन देतात आणि थाळी बडवू नको म्हणून रोज तिच्याशी भांडतातही.

आता माझं एकच मागणं आहे. माझी निगा राखा, मला रंग द्या, असं मी म्हणणार नाही. मला आणायच्या आधी विचार करा, एवढंच. शत्रूसाठी नव्हे, तुम्हाला नकोशा झालेल्या माणसासाठी मला आणावंसं वाटेल, तेव्हा तर नक्कीच करा. मी नुसता लोखंडाचा आहे. कोण आपला, कोण परका, मला कळत नाही. मला उभं केलंत, की मी सगळ्यांनाच अडवतो.