आठवं चित्र

"चित्र पाठवलंय गं उल्के. जपून उघड, रंग अजून ओला असेल."

अभयचा आवाज असा यायचा, कुठल्या तरी बंदरातल्या फोनवरून, समुद्राची खरखर सोबत घेऊन. पाकीट पोचायला पंधरा दिवस लागायचे, रंग ओला कुठून राहणार? तरी उल्का दर वेळी पाकिटाची कड नखाने हळूच सोडवायची. आज सिंगापूरला, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी भेंडी चिरताना, तो आवाज तिच्या कानात पुन्हा आला. बाहेर हॉलमध्ये त्याची चित्रं वाजत होती.

खरंच वाजत होती. श्रियाने बाबांच्या आठ चित्रांवर आठ गाणी केली होती. अभय जहाजावर इंजिनियर. प्रत्येक सफरीतून लेकीला एक चित्र धाडायचा. डर्बनच्या क्रेन, चितगावच्या होड्या, सांतोसला पोती वाहणारी माणसं, इंजिनरूममधला तेलकट पिवळा उजेड. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि श्रियाने बिस्किटांच्या डब्यातली ती चित्रं काढून हॉलभर दोरीवर चिमट्यांनी टांगली. दिवसा वन-नॉर्थच्या ऑफिसात कंप्युटर, संध्याकाळी गिटार. चौघांचा रॉक बँड. अल्बम म्हणे पहिल्यापासून शेवटपर्यंत सलगच ऐकायचा, दोरीवरची चित्रं एका टोकापासून बघत जावीत तसा. एक गाणं दुसऱ्यात उतरतं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

उल्काला ते गिटार आधी कर्कश वाटलं होतं. मग एके दिवशी ड्रमच्या आत तिला जहाजाच्या इंजिनाचा ठोका सापडला. लग्नानंतर दोन महिने ती जहाजावर राहिली होती. त्या ठोक्यावर तिला झोप लागायची, आणि बंदरात तो थांबला की जाग यायची.

सातवं गाणं संपलं आणि श्रियाने स्पीकर बंद केला. उल्का हात पुसत बाहेर आली. आठवं का नाही लावलं, तिने विचारलं. आठवं श्रियाचं आवडतं होतं. अख्ख्या बँडचं होतं. समोरून घराकडे येणारं जहाज, काळंनिळं पाणी, दोन बाजूंना दोन दिवे. अल्बमच्या मुखपृष्ठावरही तेच जायचं होतं.

"त्याचे शब्द बदललेत," श्रिया म्हणाली. "उद्या नव्याने रेकॉर्ड करतोय."

ती गिटारच्या तारेशी खेळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "आई, बाबा प्यायचे का गं?"

उल्का खुर्चीवर बसली.

आदल्या दिवशी मुकुलकाका चित्रं बघायला आले होते. अभयच्याच जहाजावरचे, आता इथेच बंदरात नोकरीला. आठव्या चित्रापाशी ते हसले होते. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा. म्हणजे जहाज समोरून येताना लाल आपल्या उजवीकडे दिसायला हवा. इथे तो डावीकडे होता. आमच्यातला नवखा पोरगाही असं काढणार नाही, ते म्हणाले, अभ्या त्या दिवशी चांगलीच लावून बसला असणार. आणि चहा पिऊन निघून गेले.

श्रियाच्या डोक्यातून ते निघून गेलं नव्हतं. त्या वर्षी दीड महिना बाबांचा फोन नव्हता, एवढं तिला आठवत होतं. बाकीचं तिने स्वतःच जोडलं. नव्या कडव्यात बाप पिऊन लाल-हिरवं विसरला होता आणि घराचा रस्ताही.

"बँडला हेच जास्त आवडलंय," ती म्हणाली. "मोअर ऑनेस्ट, लाह. तू मला कधीच सांगितलं नाहीस. मला राग नाही आलाय. फक्त खरं ते सांग."

उल्काने दोरीकडे पाहिलं. चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं, 'अभय'. अक्षर त्याचंच होतं.

त्या वर्षी जहाज एका बंदराबाहेर दीड महिना नांगरून पडलं होतं. ना फोन, ना टपाल. सहा वर्षांची श्रिया डेंग्यूने फणफणलेली. बाबांचं चित्र आल्याशिवाय जेवणार नाही, म्हणून तोंड मिटून पडलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी उल्काने अभयचा रंगाचा डबा काढला. आयुष्यात त्याआधी तिने रांगोळीशिवाय काही काढलं नव्हतं. पण नोव्हेनाच्या दवाखान्यात रोज साठ जणांचं रक्त काढणारा तो हात, थरथरणं त्याला माहीत नव्हतं. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, नवऱ्याने शिकवलेलं मनात घोकत तिने दिवे लावले, आपल्या डावी-उजवीप्रमाणे. लेक चित्र उशाशी घेऊन वाटीभर पेज प्यायली.

अभय आला तेव्हा त्याने चित्र बराच वेळ पाहिलं. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "दिवे उलटे झालेत गं. पण राहू दे." आणि पेन्सिल घेऊन खाली आपलं नाव घातलं. त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. काढायचं कारणही नव्हतं.

आज होतं. गप्प राहिली तर दारूचा थेंब न शिवलेला माणूस उद्या गिटारांच्या गलक्यात दारुडा ठरणार होता. बोलली तर उशाशी घेतलेलं ते चित्र लेकीच्या हातून कायमचं जाणार होतं.

"तुझे बाबा पीत नव्हते," उल्का म्हणाली. "ते चित्र त्यांचं नाही. मी काढलंय."

खालच्या हॉकर सेंटरमधून थाळ्या गोळा केल्याचा आवाज येत होता. श्रिया उठली, चिमटा काढून चित्र हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, उलटून पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी जेवत नव्हते म्हणून."

उल्का हो म्हणणारच होती. अभयलाही तिने त्या वेळी हेच सांगितलं होतं, आणि त्यानेही ते खरं मानलं होतं. चोवीस वर्षं ते तसंच राहिलं होतं.

"तू तर त्याच दुपारी जेवलीस," ती म्हणाली. "तू झोपलीस की उशाचं चित्र काढून मी त्यानंतरही चार दिवस रंगवत होते. मला ते जहाज येताना बघायचं होतं, श्रिया. मला."