उठून जाणारा प्रेक्षक

गास्पारने रिकाम्या चित्रपटगृहातली दुमडणारी खुर्ची तळहाताने खाली दाबली आणि सोडून दिली. फाट्!

"ऐकलंस? पॅरिसला माझ्या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी सभागृहभर हाच आवाज होता. उठून जाणारा माणूस हाच खरा परीक्षक, ओडील."

"मग मला पदक दे. मी तर तुझ्या घरातूनच उठून गेले."

गास्पारच्या चित्रपटांच्या गौरव-महोत्सवाचं काम बघणारी क्लेमांस खोकल्याआड हसली.

ओडील त्याची घटस्फोटित बायको आणि आजवरची संकलक. दुसऱ्या चित्रपटातून निम्मं सभागृह उठून गेलं आणि गास्पारचं नशीब उघडलं. तिसऱ्यात नायिका भिंतीकडे बघत बसते. चौथ्यात तीच भिंत, नायिका नाही. त्याला मोठा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून तो मान वाकडी करून बोलतो, जणू प्रत्येक समोरचा माणूस छायाचित्रकारच.

पहिला चित्रपट मात्र त्याने महोत्सवातून वगळला होता. का, तर लोक शेवटपर्यंत बसले, वर रडलेही. तो मारेन गावी, ओडीलच्या बाबांच्या शिंपल्यातली कालवं सोलायच्या शेडमध्ये काढलेला. बाबा आता नव्हते. महोत्सवात निवडलेल्या चित्रपटांचीच नवी प्रत निघणार होती, आणि पहिल्याच्या एकुलत्या एका प्रतीला आंबूस वास सुटला होता, म्हणजे फीत कुजायला लागली होती.

"एकदा लावून तर बघ," ती म्हणाली.

"लावू की! एक जण जरी उठून गेला, तरी घेतो. पण मारेनच्या कालववाल्यांना बोलवायचं. ते दाद देण्याचं नाटक करत नाहीत."

रविवारी सकाळी कालववाले बायकापोरांसह आले. गास्पार सवयीने दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसला. चित्रपट सुरू झाला. आपली होडी दिसली की कुणीतरी ओरडे, मग चिडीचूप. कुणी हलेना. ओडीलला वाटलं, स्वतःच उठावं का? पण बाबा अजून पडद्यावर यायचे होते.

शेवटच्या रिळात बाबा आले. सुरी पुसली, शिंपला उघडला आणि थेट कॅमेऱ्यामागच्या पोरगेल्या जावयापुढे धरला.

"पुरे झालं रे पोरा. आधी खाऊन घे."

मागे खुर्ची आपटली. दार उघडलं, मिटलं.

क्लेमांसने वळून पाहिलं आणि ती ओडीलच्या कानाशी आली.

"अहो, साहेबच गेले!"

"मग घे चित्रपट," ओडील पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली.

बाबा अजून हात पुढे करून उभे होते.