रोज अर्धा तास

"मोटर जरा चालू करून दाखवा, आजोबा."

भूजल खात्याच्या तपासनीस बाई परसात विहिरीपाशी उभ्या होत्या. वयाने आप्पांच्या नातीएवढ्या, पण आवाजात खात्याचा सगळा रुबाब. सोबत वीज कंपनीचा वायरमन होता. आल्यापासून तो आप्पांच्या घराच्या तारा खालून वर आणि वरून खाली न्याहाळत होता.

"आत्ता नाही जमणार," आप्पा म्हणाले. "सकाळीच चालवली. दिवसातून एकदाच लावतो, अर्धा तास."

"तेच लिहून देता तुम्ही दर तिमाहीला. रोज अर्धा तास."

"मग?"

"मग मोटरच्या मीटरवर दोन वर्षांत एक युनिटही का पडलं नाही?"

आप्पांचा सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. पाण्याचा आकडा आणि विजेचा आकडा कधी कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहील, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

नियम तसा सरळ होता. ज्याच्या नावावर विहीर, त्याने मोटर किती वेळ चालवली ते कळवायचं आणि त्याप्रमाणे उपसा-शुल्क भरायचं. गल्लीतले विहीरवाले हात आखडूनच लिहायचे. दोन तास उपसायचं आणि पाव तास दाखवायचं, हे खात्याच्याही अंगवळणी पडलं होतं. पण न उपसलेल्या पाण्याचे पैसे भरणारा माणूस खात्याने स्वप्नातही पाहिला नसेल. आप्पा तो माणूस होते. त्यांची विहीर दोन वर्षांपूर्वीच ठणठणीत कोरडी पडली होती.

खरं लिहायचं तर शून्य लिहावं लागलं असतं. आणि लागोपाठ दोनदा शून्य आलं की विहीर बंद समजून तिच्या तोंडावर काँक्रीट ओतायचं, असंही त्याच नियमात होतं. काँक्रीटचं एवढं काही नाही, पण ते ओतताना घरात कळलं असतं. घरात म्हणजे बायकोला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघांनी मिळून ही विहीर खणली होती. आप्पा पहार मारायचे, ती घमेली भरायची. पुढे एका आजारपणात ती म्हणाली होती, विहिरीला पाणी आहे तोवर आपल्याला काही होत नाही. ती सहजच बोलली असेल, आप्पांनी ते मनाला लावून घेतलं. गुडघे धरल्यापासून तिचं परसात उतरणं बंद झालं होतं, ते आप्पांच्या पथ्यावर पडलं. पहाटे रस्त्याच्या नळावरून पिंप भरून ठेवायचं आणि आज पाणी चांगलं वर आलंय, असं तिला सांगायचं, हा त्यांचा नेम होऊन बसला.

"मॅडम, उघड आहे," वायरमन म्हणाला. "आकडा टाकत असणार हे."

"चोरून वीज घेता का, आजोबा?" बाईंनी विचारलं. "घेत असाल तर गुन्हा दाखल होईल. नसाल, तर मोटर लावा. पाणी आलं की मी निघाले."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. आप्पांनी एकदा खिडकीकडे पाहिलं.

"घेतो," ते हळूच म्हणाले. "आकडा टाकतो."

बाई बघतच राहिल्या. अशा वेळी लोक कानावर हात ठेवतात, हातापाया पडतात, मोठमोठ्या ओळखी सांगतात. एका दमात कबूल होणारा हा पहिलाच. वायरमनलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

"कुठे टाकता?"

आप्पांनी कुंपणाबाहेरच्या खांबाकडे बोट केलं.

"आजोबा, तो टेलिफोनचा खांब आहे."

आप्पांवर आयुष्यात एकदा चोरी कबूल करायची वेळ आली आणि तीही धड जमली नाही. तेवढ्यात मागच्या दारात काठी वाजली. भिंतीला धरून, एकेका पायरीवर थांबत बायको खाली येत होती.

"अहो, कशाला नसती चोरी अंगावर घेताय?" ती म्हणाली आणि बाईंकडे वळली. "विहीर आटलीय, बाई. दोन वर्षं झाली. हे नळाचं पाणी आणतात आणि मला विहिरीचं म्हणून सांगतात."

आप्पांना मान वर करवेना. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या पहाटे उठून आणत होता. काय बोलायचं?"

कुठे बघावं ते बाईंना कळेना. त्यांनी कागदावर शून्य लिहिलं. भरलेलं शुल्क परत देण्याची सोय नियमात नाही, असं सांगताना त्यांचा रुबाब बराच उतरला होता. काँक्रीट ओतायला माणसं पुढच्या आठवड्यात येतील म्हणाल्या. आप्पांनी सही केली. त्यांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचं वाईटही वाटलं.

दोघं गेल्यावर त्यांनी विहिरीवरचा पत्रा बाजूला सरकवला. झरा मेला त्या दिवसापासून त्यांनी आत डोकावून पाहिलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि सरळ तळापर्यंत पोचलं होतं. बायकोचा दंड घट्ट धरून त्यांनी तिला कट्ट्याशी आणलं. खाली कोरडा, स्वच्छ खडक. पहारीच्या खुणा अजून तशाच. एका कडेला पाटाएवढा दगड पुढे आलेला होता. खणणं संपलं त्याच महिन्यात तो पाण्याखाली गेला होता. तो पुन्हा दिसेल असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

"तो बघा माझा दगड," ती म्हणाली. "दमले की तिथे बसायचे मी."

"फुटत नव्हता, म्हणून राहिला."

"फुटत होता. मी बसते म्हणून तुम्ही फोडला नाहीत."

ऊन त्या दगडावरून सरकेपर्यंत दोघं कट्ट्याला टेकून खाली बघत उभी राहिली.