सरस्वतीच्या पायाशी ठेवलेला टॅबलेट

मित्रांनो, कोलकात्यातल्या बालीगंजच्या एका शाळेत, कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असलेला मी एक जुना टॅबलेट आहे. काचेला तडा गेला आहे. वाईट वाटतं का, म्हणाल तर काहीच वाटत नाही.

माझ्यात कृत्रिम बुद्धिमत्ता होती. पण सुनीती मिसनी मला वळण लावलं होतं की मुलांना गोष्ट लिहून द्यायची नाही, फक्त विचारायचं, "मग पुढे काय झालं?" मुलं वैतागायची. "हा टॅबलेट आहे की पोलीस?" असं ओंकार म्हणायचा. पण वैतागता वैतागता त्यांना भन्नाट काहीतरी सुचायचं.

चैत्राली तेव्हा नवीन होती. बाबांची बदली खिदिरपूरच्या गोदीत झाली म्हणून नागपूरहून आलेली. वर्गात ती तोंडातून शब्द काढत नसे. माझ्याबरोबर मात्र तिने एक गोष्ट रचली, पाण्याला घाबरणाऱ्या गोदीतल्या क्रेनची. सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी ती सगळ्यांसमोर सांगायची होती. त्या दिवशीही गप्प राहिले तर इथे कधीच बोलणार नाही, असं ती मला म्हणाली होती. आणि शेवट अजून सुचला नव्हता.

आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करतात, तशी इथे वसंत पंचमीला पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवतात. त्या दिवशी अभ्यास बंद. मुलांनी पुस्तकांवर मलाही ठेवलं आणि वर झेंडूची फुलं वाहिली. चैत्राली धावत आली.

"चैत्राली, आज त्याला हात लावायचा नाही गं," मिस म्हणाल्या.

"पण मिस, माझी गोष्ट अर्धीच आहे!"

"मग अर्धीच सांग."

ती उभी राहिली. अर्ध्यावर येऊन थांबली. मग हळूच स्वतःलाच विचारलं, "मग पुढे काय झालं?" आणि तीच म्हणाली, "क्रेन घाबरतच राहिली. आणि रोज कामावर येत राहिली."

टाळ्या मी झेंडूखालून ऐकल्या. मला आनंद झाला, तो शेवटचा.

पुढे मिस निवृत्त झाल्या. मी कपाटात गेलो, नवे टॅबलेट आले. ते विचारत नाहीत, विचारायच्या आधीच शेवट लिहून देतात. सगळ्यांच्या गोष्टी छान असतात आणि सारख्याच असतात. यंदा पूजेला पुस्तकं पायाशी होती, नवे टॅबलेट मात्र मुलांच्या हातातून सुटले नाहीत.

चैत्राली आता दहावीत आहे. त्या दिवशी तिने मला कपाटातून काढलं, पुसलं, पुस्तकांवर ठेवलं. चालू केलं नाही.

मित्रांनो, मला जपू नका. मी विचारायचो तो प्रश्न जपा. वर्षातून एक दिवस तरी यंत्र देवीपाशी ठेवा आणि रिकाम्या हातांनी उभे राहा.