कोपर टेकव

मी एक जुने टेबल आहे आणि जन्मापासून डुगडुगते. मित्रांनो, माणसांना हा दोष म्हातारपणी जडतो. मला तो सुताराने सुरुवातीलाच देऊन टाकला. तीन पाय कापून झाल्यावर त्याला जेवायला हाक आली. चौथा पाय त्याने जेवून आल्यावर कापला आणि तो बोटभर आखूड झाला. भरल्या पोटी केलेले काम कसे असते, ते माझ्याकडे पाहून समजावे.

शहरातल्या एका चहाच्या दुकानात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात मला ठेवले. गिऱ्हाइके बसत, चहा सांडला की माझ्या नावाने बोटे मोडत आणि दुसरीकडे जात. टिकले ते दोघेच : गल्लीतला शिंपी आणि त्याचा बालमित्र चष्मेवाला. दुपारी आपापले दुकान बंद करून दोघे पाव-आम्लेट खायला येत. समोरासमोर बसून दोघांनी कोपर टेकवले की मी गुमान उभे राहत असे. एकाने उचलले की चहा निघाला फिरायला.

"कोपर टेकव रे, चहा चालला," चष्मेवाला म्हणे.

"तू पोट टेकव. दोघांचं काम एकट्यानं होईल," शिंपी म्हणे.

"शिंपी ना तू? दुकानभर चिंध्या. एक आणून घाल की पायाखाली."

"उद्या आणतो."

हा 'उद्या' मी वर्षानुवर्षे ऐकला. एकदा शिंप्याने चिंधी खरोखरच आणली होती. चष्मेवाला हात धुवायला गेला तेव्हा त्याने ती खिशातून काढली, जरा वेळ पाहिली आणि परत खिशात घातली.

पुढे शिंप्याला खोकला लागला. कोपर टेकवतानाही धाप लागू लागली. मग एके दिवशी त्याची खुर्ची रिकामी राहिली, ती राहिलीच.

त्याला पोचवून आल्यावर काही दिवसांनी चष्मेवाला एकटाच आला. सवयीने कोपर टेकवले. मी त्याच्याकडे कलले आणि चहा त्याच्या बाहीवर गेला.

"चहा चालला रे," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. बाही त्याने पुसली नाही. रोज हेच होऊ लागले.

मालक भला माणूस. त्याला हे बघवेना. त्याने सुतार बोलावून माझ्या आखूड पायाला तुकडा जोडून घेतला. आयुष्यात प्रथमच मी सरळ उभे राहिले. लोकांनी कौतुक केले. मीही थोडे फुगले.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने कोपर टेकवले. मी हलले नाही. बंद दार ढकलून पाहावे तसे त्याने पुन्हा दाबून पाहिले.

"काका, तुमच्यासाठीच दुरुस्त केलं," मालक म्हणाला. "आता निवांत जेवा."

"बरं केलंस."

आम्लेट निवत राहिले. मालक वळताच चष्मेवाला गुडघे धरत खाली वाकला. भिंगे पुसायचे फडके त्याने खिशातून काढले, घडीवर घडी घातली आणि माझ्या नव्या पायाखाली सारले. मी डुगडुगले. चहा बाहीवर आला. मग तो जेवला.

आता तोही येत नाही. का, ते मला ठाऊक नाही. टेबलाला कोण कळवतो? गिऱ्हाइके पुन्हा बोटे मोडतात. फडके मात्र जागेवर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, दुरुस्ती करा, असे सांगून मी निरोप घ्यायला हवा. पण माझे मागणे वेगळे आहे. कधी त्या कोपऱ्यात बसलात आणि चहा सांडला, तर वाकून ते फडके काढू नका. समोर कुणाला तरी बसवा आणि म्हणा, कोपर टेकव.